दोन सत्त्या आणि राणी

माझी नात रोलिंडा हिचं लग्न झालं त्या वर्षी, म्हणजे १९९४ साली, लास वेगासच्या आमच्या पश्चिम वस्तीत मेलेली माणसं पत्ते सांगू लागली.

कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात दूध घ्यायला वाट मिळेना. दारातच ढकलगाड्या, बर्फाची पेटी आणि तिच्या शेजारी पोकरची सहा यंत्रं. नाणं टाकलं की यंत्र पाच पत्ते दाखवतं. हवे ते धरायचे, उरलेले बदलून मिळतात; चित्रांची जोडी किंवा तीन सारखे आले की पैसे. काय धरायचं, एवढंच आपल्या हातात. तेही मेलेल्यांशी बोलतो म्हणवणाऱ्या ब्रदर सायलसने स्वतःच्या हातात घेतलं होतं.

पांढरा सूट, मिटलेले डोळे, तळहात काचेवर. "शांतता! वरून कोणी बोलतंय. नाव प... प..."

"पर्विस!" ओझेला किंचाळली.

तिचा नवरा पर्विस एप्रिलात गेला, हे वस्तीतल्या कुत्र्यांनाही माहीत होतं.

ओझेला माझी शेजारीण. हॉटेलातल्या खोल्या आवरण्यात आम्हा दोघींचं आयुष्य गेलं. एप्रिलातल्या त्या दुपारी पर्विसने पीच आइस्क्रीम मागितलं. ती आणायला गेली आणि याच यंत्रापाशी बसली. परतली तेव्हा पिशवी ठिबकत होती आणि पर्विस खुर्चीतच गार झाला होता. तेव्हापासून तिने गोड तोंडात घातलं नव्हतं.

तिच्यासमोर आता दोन सत्त्या, एक राणी, तिर्री आणि नव्वी होती.

"पर्विस म्हणतो, राणी धर. आणि म्हणतो, मी रागावलो नाही."

तिने सत्त्या सोडल्या. आणखी दोन राण्या आल्या. यंत्र किणकिणलं, बायका रडल्या, ब्रदरच्या कॉफीच्या डब्यात नोटा पडल्या.

मग ती रोज जाऊ लागली. हरली की ब्रदर उसासा टाकायचा, "सिस्टर, तुझा अपराध आड येतोय. पर्विस लांब गेला."

"त्याने माफी परत घेतली गं," असं म्हणत ती माझ्या पायरीवर बसून राही.

ग्रंथालयात आम्हा म्हाताऱ्यांना वाचायला शिकवणाऱ्या मिस ऑर्टेगांना मी हे सांगितलं. शनिवारी त्या पत्त्यांचा कॅट घेऊन दुकानात आल्या. बर्फाच्या पेटीवर त्यांनी तेच पाच पत्ते मांडले.

"ब्रदर, पर्विसना विचारा. काय धरू?"

"मेलेली माणसं कागदाशी बोलत नाहीत, बाई."

"विजेशी बोलतात वाटतं?"

मागे कोणी फिस्सकन हसलं. टीचर बायकांकडे वळल्या. "बारकी जोडी आणि एक चित्र, असा हात आणखी कुणाला आला होता? ब्रदर काय म्हणाले?"

"मला जोडी धर म्हणाले," लुव्हेनिया म्हणाली. "माझी आई बोलली म्हणे."

"मला सगळे टाक म्हणाले," दुसरी म्हणाली. "माझा भाऊ जिवंतपणीही असलाच सल्ला द्यायचा!"

"आणि जिंकलं कोण?"

"ओझेला."

"म्हणून तिचाच चमत्कार झाला. बाकीच्या पिशव्या उचलून गुपचूप घरी गेल्या. प्रत्येकीला वेगळं सांगितलं की कुणाचं तरी जमणारच. आणि सोडलेले पत्ते धरले असते तर काय आलं असतं, ते यंत्र दाखवत नाही. म्हणून ब्रदरची चूक कुणाला दिसत नाही."

मग त्यांनी उरलेले पत्ते पुन्हा पुन्हा पिसून दोन्ही तऱ्हा खेळून दाखवल्या. राणी थोडंथोडं देत राहिली, एकूणात सत्त्याच सरस ठरल्या. तोवर ब्रदर डबा काखोटीला मारून भाजीकडच्या दाराने सटकला होता.

सगळे हसले. ओझेला हसली नाही.

"आवाज खोटा, तर माफीही खोटीच ना, टीचर?"

टीचरनी पत्ते गोळा केले. तिच्याकडची माफी आम्ही काढून घेतली होती आणि द्यायला आमच्याकडे काही नव्हतं. मी विचारलं, "त्या दुपारी पर्विस स्वतः काय म्हणाला होता?"

"म्हणाला, सावकाश ये. एक डाव माझ्या नावाने खेळ."

"हे तू तुझ्या कानांनी ऐकलंस. मग मध्ये ब्रदर कशाला?"

"एक डाव म्हणाला होता," ती म्हणाली. "मी एकावर थांबले नाही."

ते खरं होतं. ते ओझं तिचं होतं आणि कुणाच्या तळहाताने उतरणार नव्हतं. पण रोज यंत्रापुढे बसून माफी मिळते का पाहणं त्या दिवसापासून थांबलं. गेलेल्यांचं ऐकायचं असेल, तर ते असताना काय म्हणाले ते आठवा. काचेतून कोणी बोलत नाही. बोलतं असं कोणी सांगितलं, तर चौघींसमोर त्याला एकच प्रश्न विचारा आणि चौघींनी मिळून उत्तर ऐका.

पर्विस टेट एप्रिल १९९४ मध्ये वारला, एकटा. ओझेला टेट नोव्हेंबर २००१ मध्ये तिच्या घरी वारली. मी शेजारी बसले होते.