ज्याच्या त्याच्या बटव्यात

धुळाबांनी तिन्ही बटवे डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर उलटे केले. आधी लाल दोऱ्याचा, मग हिरव्याचा, मग निळ्याचा. गोळ्यांचे तीन ढीग एकमेकांत जाऊ नयेत म्हणून मध्ये हाताची कड धरली.

“लाल ती डोक्याची. ही चिठ्ठीवरची, डॉक्टरानं लिहून दिल्याली. हिरवी गुडघ्याची. निळी तापाची. एक गोळी इकडची तिकडं हुऊ दिली न्हाय मी.”

डॉक्टर अंकितांनी कातरीने सुटी केलेली एक गोळी उचलली. मागच्या चंदेरी कागदावर नावाची अर्धीच अक्षरं उरली होती. त्यांनी दुसरी उचलली, तिसरी उचलली, आणि अर्धी अक्षरं शेजारी शेजारी लावून वाचू लागल्या.

“पाकिटं कुठं आहेत, काका?”

“ती टाकून देतो. समदी सारकीच दिसत्यात. आणली की कापायची, आन ज्याच्या त्याच्या बटव्यात.”

माळशिरसकडून सोलापुरात आल्यापासून धुळाबांचं सगळं आयुष्य अक्कलकोट रोडच्या टॉवेलच्या कारखान्यात गेलं होतं. किनारीत चुकीच्या रंगाचा एक धागा गेला, तरी अख्खा माल बाद होई. त्यांच्या मागावरचा माल कधी बाद झाला नाही. निवृत्त झाल्यावर घरातली डाळ, खिळे, बटणं, सगळं त्यांनी असंच वेगळं लावलं होतं. बटवेही त्यांनीच शिवले होते, टॉवेलाच्या तुकड्यांचे.

त्यांच्या बायकोचं, मथुराबाईंचं, डोकं मानेपासून कपाळापर्यंत कुणी फडकं आवळावं तसं धरायचं. गोळी लिहून देताना डॉक्टर म्हणाले होते, रोज द्यायची नाही, आणि हिच्यावर दुसरी दुखण्याची गोळी द्यायची नाही. धुळाबांनी ते तंतोतंत पाळलं होतं. शेजारच्या शरणम्माने एकदा तिच्याकडची डोक्याची गोळी आणली, तर त्यांनी तिला उंबऱ्यावरूनच परत पाठवलं. डोक्यावर दुसरी गोळी म्हणजे नाहीच.

मग नवरात्र आलं. मथुराबाईंचे उपास सुरू झाले. घर धुऊन काढताना गुडघे सुजले; धुळाबांनी हिरवा बटवा उघडला. पाठोपाठ अंग तापलं, निळा उघडला. तापाने डोकं धरलं, लाल. ज्या त्या दुखण्याला ज्याची त्याची गोळी, वेळ सांभाळून, पाण्याचा तांब्या पुढे करून.

“काका,” अंकिता म्हणाल्या, “नावं तीन आहेत. पण तिन्हींत एक औषध तेच आहे. तापाचं म्हणून जे देतात ना, तेच डोक्याच्या गोळीत आहे आणि तेच गुडघ्याच्या. तीन ठिकाणांहून पोटात गेलं. त्यात पोटात अन्न नाही. लिव्हरला झेपलं नाही.”

“पण गोळ्यांचा रंग तर येगळा हाय की.”

“रंग वरून देतात.”

धुळाबा ढिगांकडे बघत राहिले. सूत तेच असतं, रंग वरून चढतो, हे त्यांना कुणी सांगायला नको होतं.

“बरी हुईल न्हवं?”

“औषध चालू आहे. उद्याच्या रक्ततपासणीत कळेल. कावीळ नाही उतरली तर पुण्याला हलवावं लागेल.” त्यांनी गोळ्या बाजूला सारल्या. “घरच्यांना बोलावून घेतलंय ना?”

“पोरगा निगालाय.” दारापर्यंत जाऊन ते वळले. “तिला सांगितलंसा काय?”

“सकाळी विचारत होत्या, मला झालंय काय. सांगितलं.”

“कुणी दिल्या, त्ये?”

“ते त्यांनी विचारलं नाही.”

वॉर्डात शरणम्मा खाटेशी उभी राहून मथुराबाईंचे केस विंचरत होती.

“हळदीलासुद्धा एवढी पिवळी नसशील तू, अक्का.”

“तवा हळद कमी पडली हुती,” मथुराबाई डोळे मिटूनच म्हणाल्या. “ह्यांच्याकडनं आल्याली. लई चिकट मानसं.”

शरणम्मा हसली, आणि पदराने तोंड पुसायच्या निमित्ताने डोळे पुसून खिडकीकडे गेली.

धुळाबा पायथ्याशी उभे राहिले. खाटेचा लोखंडी गज हाताला गार लागला.

“मथुरे, त्या गोळ्या...”

“पानी द्या.”

त्यांनी चमच्याने पाणी पाजलं. ओठाच्या कडेने ओघळलेलं टिपलं.

“मथुरे, मला वाटलं...”

“ते बगा, अभिमन्यू आला.”

अभिमन्यू खांद्यावरची बॅग न उतरवताच खाटेपाशी आला. आईचे डोळे बघून एकदम स्टुलावर बसला. वाटेत त्याने डॉक्टरांना गाठलं असावं.

“एवढ्या गोळ्या कुणी दिल्या हिला?”

शरणम्मा खिडकीबाहेर बघत राहिली. धुळाबांनी तोंड उघडलं.

“मी घेतल्या,” मथुराबाई म्हणाल्या. “मला कोन देतंय? काय मी कुकुलं बाळ हाय व्हय?”

“आई, अक्कल हाय का तुला? गोळ्या म्हंजे काय शेंगदाणे हायत, मूठ भरली आन तोंडात टाकली? एक फोन करायला काय झालं हुतं? दुकानदाराला इचारायचं. बाबास्नी इचारायचं. उपास कुनी सांगितलं हुतं तुला ह्या वयात? तुला काय झालं म्हंजे आमी काय करायचं?”

त्याचा आवाज चढत गेला. पलीकडच्या खाटेवरच्या बाईने मान वळवली. मथुराबाई त्याच्याकडे तोंड करून सगळं ऐकत होत्या, मधूनच हुं म्हणत होत्या.

“अभ्या, तिला नगं बोलू,” धुळाबा म्हणाले. “मीच...”

मथुराबाईंनी सलाईनचा हात थोडासा वर केला.

“बोलू द्या त्याला.” मग मुलाकडे बघून, दम घेत घेत त्या म्हणाल्या, “बोल की. काय राग असंल त्यो समदा हितंच काढ. मला बोल. मागनं घरी गेल्यावर कुनाला बोलायचं न्हाय.”

अभिमन्यू आईकडे बघत राहिला. तिने डोळे मिटून घेतले होते. मग त्याने हळूहळू मान वळवली. बाप गज धरून उभा होता. बोटांची पेरं पांढरी पडली होती.

नर्स आली, सलाईनचा वेग बघून गेली.

अभिमन्यू उठला. स्टूल उचलून त्याने बापाच्या मागे ठेवलं, आणि गजावरची त्यांची बोटं सोडवली.

“बसा,” तो म्हणाला. “कवापासनं उभं हायसा तुमी.”