आधी गाडी धर

मयुरी ऑफिसात आल्यापासून तेजसशी कुणीही वाईट वागलं नव्हतं, आणि हीच त्याची मुख्य तक्रार होती. खिडकीजवळची त्याची खुर्ची तिथंच होती. चहा आधी त्यालाच मिळत होता. भाऊ त्याला पूर्वीसारखंच ‘तेजसशेठ’ म्हणत होते. फक्त हल्ली ‘काय तेजसशेठ’ म्हणून झालं, की उत्तरासाठी त्यांची मान मयुरीकडे वळायची.

भाऊ म्हणजे रवींद्रभाऊ, मालक. अर्धं आयुष्य केळीच्या ट्रकांमागे गेलं आणि उरलेलं त्याच ट्रकांचं ॲप चालवण्यात चाललं होतं. शेतकऱ्यानं मोबाइलवर कळवायचं, माल तयार आहे. ॲप व्यापाऱ्याचा होकार मागणार, शेतकऱ्याची जुनी नोंद बघणार आणि गाडी ठरवून देणार. जळगावात बसून तेजसनं हे एकट्यानं लिहिलं होतं, आणि ते चाललं होतं, हे त्याच्या विरोधकांनीही मान्य केलं असतं. विरोधक मात्र कुणी नव्हते. ते त्याला हळूहळू तयार करावे लागले.

मयुरी धुळ्याची. तिनं येऊन सांगितलं, की ॲप जुन्या कारकुनासारखं वागतंय. एकाचं काम संपेपर्यंत दुसऱ्याकडे बघत नाही, व्यापाऱ्याचा होकार येईपर्यंत हात बांधून बसतं. त्यापेक्षा ते हॉटेलातल्या हुशार वेटरसारखं चालावं: एका टेबलाचा माल भट्टीवर असताना दुसऱ्या टेबलाची ऑर्डर घ्यावी. या पद्धतीला ती असिंक म्हणायची. भाऊंना वेटर पटला. तेजसला वेटर पटला, पण तो मयुरीनं आणला हे पटलं नाही.

“करा,” तो म्हणाला. “पण गाडी ठरवायचा भाग माझा आहे. त्याला कुणी हात लावायचा नाही. तो मीच नव्या पद्धतीत बसवीन.”

“बसवा ना तेजसभाऊ,” मयुरी म्हणाली. “तुमच्याइतकं तो कुणाला माहीत आहे?”

हे तिनं खरंच मनापासून म्हटलं होतं. तेजसला ते दोन दिवस सलत राहिलं.

नवं ॲप दिवसभर सुतासारखं चालायचं आणि नेमका केळीचा दिवसाचा भाव सुटला, म्हणजे जाहीर झाला, की थिजायचं. बंद पडायचं नाही, नुसतं गोल गोल फिरत राहायचं. भाव सुटल्यावर रावेर, यावल, चोपड्याचे शेतकरी एकदमच गाडी मागतात. ॲपला सगळी माहिती डेटाबेसातून आणावी लागते आणि तिथं जायला कनेक्शन लागतं. दर वेळी नवं कनेक्शन उघडायला वेळ जातो, म्हणून दहा उघडून ठेवलेली असतात. त्या साठ्याला पूल म्हणतात. लागलं की एक उचलायचं, काम झालं की परत ठेवायचं. दहाही बाहेर असली तर रांगेत थांबायचं. भाऊंच्या भाषेत सांगायचं तर दहा गाड्यांचा अड्डा.

“दहाचे चाळीस करा,” तेजसनं सुचवलं.

केले. ॲप थोड्या वेळानं थिजलं, एवढाच फरक पडला, आणि वर डेटाबेसही कुरकुरायला लागला. पुन्हा दहा केले.

“भाऊ, गाड्या कमी नाहीत,” मयुरी म्हणाली. “अड्ड्यावर परत येत नाहीयेत. कुठंतरी उभ्या राहतायत.”

“कुठं उभ्या राहतात ते मॅडमनाच ठाऊक,” तेजस भिंतीकडे बघत म्हणाला. “अड्डा त्यांनीच बांधलाय.”

भाऊ म्हणाले, “सोमवारी धुळ्याला जायचंय. तिथल्या जिनिंगवाल्यांना कापसाच्या गाड्यांसाठी हेच पाहिजे. जमलं तर तिथं ऑफिस टाकू आणि एक माणूस मुख्य म्हणून बसवू. कोण ते सोमवारीच बघू.”

इथं तेजसनं कान टवकारले, कारण धुळं ही त्याची सासुरवाडी. त्याच्या सासूबाई, द्रौपदाबाई, शेजारणींना त्याची ओळख ‘आमचे जवाई कम्प्युटर दुरुस्त करतात’ अशी करून द्यायच्या. एका शेजारणीनं तर दिवाळीत त्याच्यापुढे प्रिंटर आणून ठेवला होता. धुळ्याच्या ऑफिसचा मुख्य म्हणून त्या गल्लीत शिरणं हे तेजसचं स्वप्न होतं. आणि ते मयुरीच्या पदरात पडणार, तेही तिच्याच गावात, हे त्याला दिवसाढवळ्या दिसत होतं.

पिंप्राळ्यात त्याच्या घरी या सगळ्याचा वेगळाच हिशेब चालू होता.

“आज काय घातलं होतं तिनं?” जेवताना त्याच्या बायकोनं, शिल्पानं, विचारलं.

“कुणी?”

“जिचं नाव घेतल्याशिवाय तुम्हाला घास उतरत नाही, ती.”

“मला काय माहीत काय घातलं होतं. तिनं भाऊंना काय सांगितलं माहीत आहे का? म्हणे गाड्या उभ्या राहतात. म्हणजे कुणाकडे बोट दाखवायचंय तिला?”

शिल्पानं त्याच्याकडे नीट पाहिलं. प्रेमात पडलेला माणूस थोडा तरी खूश दिसतो. हा तर आंबट ताक प्यायल्यासारखा. म्हणजे प्रकरण नुसत्या जळफळाटाचं होतं. तिला हायसं वाटलं आणि जराशी निराशाही झाली. इतके दिवस जपून ठेवलेला संशय वाया गेला होता.

शनिवारी तेजसनं डाव टाकला. “भाऊ, सोमवारी मी धुळ्यात कम्प्युटरवर एक पडदा दाखवतो. त्यावर दहा चौकोन. एक चौकोन म्हणजे एक कनेक्शन. ज्याच्या कोडनं ते उचललंय, त्याचा रंग. कोण अडवून बसतंय ते सगळ्यांसमोर दिसेल.”

“दाखव,” भाऊ म्हणाले.

“फार चांगली कल्पना आहे तेजसभाऊ,” मयुरी म्हणाली. “हे मीच आधी करायला हवं होतं.”

चिडायचं सोडून ही बाई कौतुक करते, याचा तेजसला इतका राग आला की पडदा त्यानं त्याच संध्याकाळी पुरा केला. स्वतःला हिरवा रंग घेतला. मयुरीला लाल.

रविवारी दुपारी घरी त्यानं खोटे शेतकरी तयार केले, शेकड्यांनी, आणि सगळ्यांना एकदम गाडी मागायला लावली. शिल्पा गच्चीवरून वांगी भाजून आली होती. हाताला कापसाच्या काड्यांच्या धुराचा वास तसाच घेऊन ती मागे येऊन उभी राहिली. चौकोन आधी लुकलुकले, मग एकेक करून थांबले. सगळे हिरवे. हलेचनात.

“हिरवा कोण?”

“मी.”

“आणि लाल ती?”

“हं.”

“मग तुम्हीच जिंकले की,” शिल्पा म्हणाली. “दहाच्या दहा.”

रंग उलटे लागले असतील म्हणून त्यानं तपासले. सुलटे होते. मग त्यानं स्वतःचा कोड उघडला. आपल्या शेतात चोर शिरलाय म्हणून काठी घेऊन गेलेल्या माणसाला आपल्याच चपलांचे ठसे दिसावेत, तसं त्याचं तोंड झालं.

तेजसचे वडील, उखर्डू आबा, रावेरकडचे केळीवाले. त्यांच्या काळी भाव सुटला की गाडी मिळायची मारामार. एका वर्षी घड कापून बांधावर पडले, गाडी आली नाही, आणि सगळा माल उन्हात पिवळा पडला. तेव्हापासून आबांचा एकच मंत्र होता: “आधी गाडी धर, मंग घड काप.” भाड्याची गाडी आदल्या संध्याकाळीच शेतात आणून उभी करायची, ड्रायव्हर झाडाखाली झोपला तरी चालेल, पण गाडी आपल्याच बांधावर. तेजस हे बघत मोठा झाला आणि कोडही त्यानं तसाच लिहिला. आधी कनेक्शन उचलायचं. मग व्यापाऱ्याला निरोप पाठवून होकाराची वाट बघत बसायचं, कनेक्शन हातात धरून. पुढं त्याच हातानं मयुरीनं नव्यानं लिहिलेल्या कोडला हाक मारायची, की शेतकऱ्याची जुनी नोंद आण. त्या कोडला जायला दुसरं कनेक्शन लागायचं. जुना कारकून एका वेळी एकच गिऱ्हाईक बघायचा, म्हणून हे खपून गेलं. नवा वेटर दहा टेबलांना एकदम भिडला: दहा मागण्या, दहांच्या हातात एकेक कनेक्शन, आणि दहाही जण अकराव्याची वाट बघत उभे. अकरावं नव्हतंच. चाळीस केले तेव्हा एक्केचाळिसावं नव्हतं.

आता तेजसनं काय केलं, ते त्याच्या बाजूनं सांगायचं तर त्याला मोह झाला. त्यानं रंगांची ओळ उघडली आणि हिरव्याचा लाल केला, लालचा हिरवा. पुन्हा खोटे शेतकरी सोडले. दहाही चौकोन लाल होऊन थांबले. मयुरी पुरती अडकली होती. जिनिंगवाल्यांसमोर हाच पडदा लावायचा की झालं.

शिल्पा वांगी सोलत होती. तिनं मान वर करून पडद्याकडे पाहिलं.

“अगंबाई. आता तर सगळं तिचंच झालं.”

तेजस बराच वेळ त्या लाल चौकोनांकडे बघत राहिला. एक इकडं नाही, एक तिकडं नाही. अख्खा पडदा तिचा. दोष तर दोष, पण दहाच्या दहा तिच्या नावावर. हे काही त्याला बघवेना. त्यानं रंग पुन्हा होते तसे केले.

माणसं प्रामाणिक होतात त्याची कारणं विचारू नयेत.

दुरुस्ती चार ओळींची निघाली. आधी व्यापाऱ्याचा होकार येऊ दे, तोवर हातात काही धरायचं नाही. होकार आला की कनेक्शन उचलायचं, तेच मयुरीच्या कोडकडे नोंद बघायला द्यायचं, त्याच्यावरच लिहायचं आणि लगेच परत ठेवायचं. खोटे शेतकरी पुन्हा सोडले. चौकोन हिरवे, लाल, रिकामे, हिरवे असे लुकलुकत राहिले. कुठलाच कुणाचा होऊन बसेना. बदल त्यानं ऑफिसच्या कोडमध्ये गुपचूप चढवला आणि भरीत खाल्लं. चव लागली नाही.

सोमवारी धुळ्यात जिनिंगवाले खुर्च्या मागे टेकून बसले होते. भाव सुटला. तेजसनं पडदा लावला, कारण लावतो म्हणून सांगून बसला होता. चौकोन लुकलुकले. ॲप थिजलं नाही. जिनिंगवाल्यांपैकी मोतीलालशेठ पुढं वाकून म्हणाले, “हे तर पळतंय की.”

“वा, मयुरी,” भाऊ म्हणाले.

“माझं नाही भाऊ,” मयुरी म्हणाली. “काल दुपारी तेजसभाऊंनी एक बदल केला. मी सकाळी वाचला. चार ओळी आहेत, पण त्या नसत्या तर आत्ता गोल फिरत बसलं असतं.”

भाऊंची मान बऱ्याच महिन्यांनी तेजसकडे वळली. “काय होतं रे?”

एवढ्या दिवसांनी मिळालेलं हे कौतुक हातात घ्यायचं, तर बिघाडही त्याच हातात घ्यावा लागणार होता.

“सिस्टिम गाडी आधी धरायची, भाऊ. घड कापायच्या आधीच बांधावर आणून उभी करायची. मग बांधापर्यंत घड आणायला आणखी एक गाडी मागायची. सगळ्या गाड्या अशाच उभ्या.”

भाऊ खदखदून हसले. ट्रकवाल्याला यापलीकडे सांगायची गरज नव्हती. “आणि सिस्टिमला हे शिकवलं कुणी?”

मयुरी खाली बघत होती. तिच्या ओठाचा एक कोपरा हलला.

“आमच्या आबांनी,” तेजस म्हणाला.

“आबांचं बरोबर होतं,” भाऊ म्हणाले. “त्यांच्याकडे एकही गाडी नव्हती, म्हणून ते धरून ठेवायचे. तुझ्याकडे दहा होत्या, तेजसशेठ. कुणापासून लपवत होतास?”

प्रश्नाचं उत्तर समोरच बसलं होतं आणि पाणी पीत होतं.

जिनिंगवाल्यांनी होकार दिला. भाऊंनी बाहेर पायऱ्यांवर सांगून टाकलं, की धुळ्याचं ऑफिस मयुरी बघेल. बाकीचं मयुरी बोलली: “भाऊ, पहिले काही महिने तेजसभाऊ इथं हवेत. गाडी ठरवायचा भाग त्यांच्याइतका कुणाला माहीत नाही.”

म्हणजे तेजसला धुळं मिळालं. मागितलं होतं तेच गाव, तेच ऑफिस. फक्त हाताखाली.

पुढच्या रविवारी सासुरवाडीला बोलावणं होतं. द्रौपदाबाई आणि मयुरीची आई एकाच बचत गटातल्या, हे तेजसला ओसरीवर पाऊल ठेवल्यावर कळलं. पाटावर मयुरी आधीच बसली होती.

“ये माय, नीट बस आठे,” द्रौपदाबाई तिला म्हणत होत्या. “बठ्ठी गल्ली सांगी ऱ्हायनी, मयुरी साहेब व्हई गई.” मग तेजसकडे वळून: “जवाईबापू, तुमनी साहेब हाईच शे ना?”

“हो, हीच माझी साहेब,” तेजस म्हणाला.

“तेजसभाऊंकडूनच शिकतेय मी,” मयुरी म्हणाली.

खापरावरचा पहिला पुरणाचा मांडा आतून आला. तेजसनं तो येताना पाहिला, आणि त्याच्या हातांनी ताट आपोआप उचलून पुढं धरलं. द्रौपदाबाई त्याच्यासमोरून पुढं गेल्या आणि मांडा मयुरीच्या ताटात वाढला. वर तुपाची धार. दुसरा अजून खापरावर होता.

शिल्पा शेजारी वाकून हळूच म्हणाली, “एवढ्यात धरू नका हो. आला की पुढं करा.”

मयुरीला ते ऐकू गेलं असावं, कारण तिला ठसका लागला. तेजसनं तिच्याकडे पाहिलं नाही. स्वयंपाकघराच्या दाराकडे डोळे लावून, दोन्ही हातांत ताट घट्ट धरून तो तसाच बसून राहिला.