ठिपक्यावरचा शेंदूर

पंजाबरावांची काळी मोटार खामगावात शिरली ती बैलांच्या मागून. पुढं दोरखंडाला जुंपलेली जोडी, मागं मोटार, आणि आत चक्रावर हात ठेवून पंजाबराव असे ताठ बसलेले, की जणू तेच हाकून राहिलेत. बाजारपेठेला आयती करमणूक झाली. सोनाळ्याचा एवढा मोठा जमीनदार, पण त्या सकाळी त्याला हसू दाबल्याशिवाय कोणाला रामराम घालता आला नाही.

शालिग्राम मिस्त्री आपल्या गॅरेजच्या दारात उभा राहून हे पाहत होता. त्याला हसू आलं नाही. ही मोटार एक ना एक दिवस अशीच येणार हे त्याला ठाऊक होतं, आणि ती कधीच येऊ नये असंही त्याला वाटत होतं.

"शेगाव ओलांडलं अन् पोटात खडखड झाली," पंजाबराव उतरता उतरता म्हणाले. "मंग एक झटका, अन् गप. काय झालं बे इले?"

"साखळी तुटली, मालक," शालिग्राम म्हणाला. "इंजिन खोला लागन."

दोन वर्षं तो हेच टाळत आला होता.

दोन वर्षांपूर्वी, खंडेनवमीच्या दिवशी, हीच मोटार याच जागी उघडी पडली होती. इंजिनाच्या पुढच्या अंगाला झाकणाआड दोन दातेरी चाकं असतात, एक लहान, एक मोठं, आणि दोघांना एक साखळी बांधून ठेवते. दोन्ही चाकांवर कारखान्यात ठोकलेला एकेक बारीक ठिपका असतो. ते ठिपके समोरासमोर आणून साखळी चढवली की इंजिन वेळच्या वेळी श्वास घेतं. एका दाताची चूक झाली तरी गाडी चालते, पण रडत. आता खंडेनवमीला हत्यारं पुजून ठेवायची, त्यांना हात लावायचा नाही, हे कोणीही सांगेल. पण पंजाबरावांना दसऱ्याचं सोनं लुटायला मोटारीतूनच जायचं होतं, आणि मोठ्या माणसाला नाही म्हणायची शालिग्रामची छाती नव्हती.

त्याची बायको कोकिळा पूजेचं ताट घेऊन आली तेव्हा दिवस कलला होता.

"आजच्या दिवस राहू द्या नं," ती म्हणाली.

"टिळा लाव अन् हो बाजूले."

ती हसली. कुंकवाचा करंडा तिनं ताटातच राहू दिला आणि नळ्यांचे सांधे भरायला कालवून ठेवलेला शेंदूर बोटावर घेतला. जवसाच्या तेलातला तो शेंदूर वाळला की दगडासारखा घट्ट होतो. "कुकू इंजिनाच्या तेलात धुवून जाईन. तुमचाच शेंदूर लावते, म्हंजे टिकन," ती म्हणाली. मोठं चाक बोटानं चाचपून तिनं टिळा लावला. "हा पाहा तुमचा ठिपका." लहान चाकावरचा ठिपका शालिग्रामनं स्वतः शोधला, त्यावर सफेद्याची रेघ ओढली, आणि लाल-पांढरं समोरासमोर आणून साखळी चढवली. साखळीसुद्धा मोडीतल्या गाडीची. नवीची वाट पाहायला सवड कोणाला होती?

गाडी चालली, पण रडत. चढाला दम खायची, मागच्या नळीतून फटाके उडवायची. दिवाळीच्या आत पंजाबराव तक्रार घेऊन आले, तेव्हा गॅरेजात आणखी चार गिऱ्हाईकं बसलेली. शालिग्रामनं मागचापुढचा विचार केला नाही.

"बाईचा हात लागला, मालक. भलत्याच दातावर टिळा लावला तिनं. हत्यारात बाई आली का वाटोळं!"

सगळे खो खो हसले. कोकिळा भाकरीचं फडकं घेऊन दारातच उभी होती. तिनं फडकं खाली ठेवलं आणि परत गेली. दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं ती धाड गावाला, माहेरी निघून गेली.

येईल चार दिवसांत, असं शालिग्रामला वाटलं. चार दिवसांचे चार महिने झाले, महिन्यांची दोन वर्षं. रुसून गेलेल्या बायकोला नवऱ्यानं स्वतः आणायला जावं अशी रीत, पण यानं दोनदा दुसऱ्याच्या तोंडी निरोप धाडला. सासूबाई, म्हणजे तानुबाई, काही ऐकून घेणाऱ्यातल्या नव्हत्या. "बोलणाऱ्यानं यावं," एवढाच जबाब आला. मग हा गडी संध्याकाळी काहीतरी निमित्त काढून एसटी स्टँडवर जायचा, धाड-बुलढाण्याकडून आलेल्या गाडीतली शेवटची बाई उतरेपर्यंत उभा राहायचा, आणि आपण पानच खायला आलो होतो असं दाखवत परतायचा. दुपारी भाकरीची वेळ झाली की त्याचे डोळे दाराकडं जायचे. ती तिथं उलट्या टायरवर बसून नुसत्या आवाजावरून इंजिनांना नावं ठेवायची, हे खोकते, ते घोरते म्हणायची. तिची फार आठवण यायची. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, पण इथं पीळ कधीचाच गेला होता. जाऊन बोलायचं काय, हेच त्याला सुचत नव्हतं.

आणि मोटार? पंजाबराव म्हणायचे, खोल अन् नीट कर. हा आज-उद्या करायचा, वरच्यावर काहीतरी फिरवून वेळ मारून न्यायचा. कारण खोललं तर ठिपका पुन्हा शोधायला टिळा पुसावा लागणार. खामगावात कोकिळाच्या हातचं म्हणून जे उरलं होतं, ते त्या मोटारीच्या पोटात फिरत होतं. ती फटाके उडवत बाजारातून गेली की तो हातातलं काम ठेवून ऐकत राहायचा.

आता मात्र इलाज नव्हता. पंजाबराव बाजूला खाटेवर बसले आणि शालिग्रामनं झाकण काढलं. तुटलेली साखळी तेलात पडली होती. चाकांचे दात झिजले होते, म्हणजे दोन्ही चाकं बदलणं आलं. त्यानं मोठं चाक उतरवून फडक्यानं हलकेच टिपलं. शेंदूर तसाच होता, काळवंडलेला, पण घट्ट. त्यानं ते उजेडात धरलं. शेंदराच्या मधोमध खळगा होता. कारखान्याचा ठिपका. बरोबर त्याच्यावरच टिळा होता.

त्यानं लहान चाक काढलं. सफेद्याची रेघ एका दातावर होती, आणि तिथं ठिपका नव्हताच, लोखंडाला आपसूक पडलेला नुसता खड्डा. खरा ठिपका शेजारच्या दाताशी स्वच्छ दिसत होता.

शालिग्राम खाली बसला. घासलेटचा बोळा हाताशीच होता. एक हात फिरवला की रेघ गेली, आणि मिस्त्रीचं नाव राहिलं. पंजाबरावांना चाकातलं काय कळत होतं? त्यानं बोळा उचललाही. मग ठेवून दिला.

"मालक," तो म्हणाला, "चूक माही होती. तिचा टिळा बरोबर होता. मीच एक दात चुकलो."

पंजाबरावांनी दोन्ही चाकं पाहिली, त्याच्या तोंडाकडं पाहिलं. "मले काऊन सांगून राह्यला? जिले सांगायचं तिले सांग. माही मोटार राहीन चार दिवस पडून."

दुसऱ्या दिवशी शालिग्राम धाडला उतरला, पिशवीत दोन चाकं घेऊन. ओट्यावर चार बाया मिरच्यांची देठं खुडत बसल्या होत्या, त्यांत कोकिळा. ती वाळली होती. त्याला पाहून तिनं मान खाली घातली. सगळ्यांसमोर बोलला होता, म्हणून सगळ्यांसमोरच त्यानं चाकं ओट्यावर ठेवली आणि दोन्ही खुणा दाखवल्या.

"तू बरोबर होती. म्या लोकांत खोटं बोललो."

कोकिळानं मोठं चाक मांडीवर घेतलं, शेंदरावरून अंगठा फिरवला. "मले तं तवाच ठावं होतं. बोटाले लागला होता ठिपका. पण खोलून काऊन नाई पाह्यलं? एका दुपारचं काम होतं."

"खोललं असतं तं टिळा पुसा लागला असता," शालिग्राम म्हणाला. "तुह्या हातचं तेवढंच उरलं होतं."

बायांचे हात थांबले. तानुबाई उगाच पदर सावरत चहा ठेवायला आत गेल्या.

"दोन वर्सं लोखंडाले जपत बसले," कोकिळा म्हणाली, आणि तिचा आवाज फुटला. "अन् मी इथं एसटी वाजली का उठून उठून पाहत होते."

तिनं पदरानं डोळे पुसले, लहान चाक त्याच्या हातात दिलं.

"हे तुमचं, तुमच्या पिशवीत ठेवा. मोठं माह्या पिशवीत राहीन."

आणि ती कपड्यांची पिशवी भरायला आत गेली.