उद्या-सान

"परवा तुम्ही बांबू म्हणालात ना?" फुसाएने विचारलं.

तोकुनागा बोटीच्या केबिनला टेकून, खिडकीच्या चौकटीवरचा जुना सीलंट, काच चिकटवायचा रबरी मसाला, पटाशीने खरवडत होता. काळा, वाळलेला, च्युइंगगमसारखा चिवट. "हो, बांबूच," तो म्हणाला.

"फोनवर ओंडका म्हणाला होतात."

पटाशी क्षणभर थांबली. "पाण्यात तरंगणारं काहीतरी होतं, वहिनी. कालवांच्या तराफ्याचा सुटलेला बांबू म्हणा, ओंडका म्हणा. लाकूडच ते."

"ओंडका तरंगतो पाण्यावर. खिडकी आहे कमरेएवढ्या उंचीवर. उडी मारली का त्याने?"

तोकुनागा हसला, पण पटाशीकडे बघत. फुसाएने ते बरोबर टिपलं.

ती आज धक्क्यावर आली होती ती खारवलेलं उमेचं आंबट फळ घातलेले भाताचे गोळे आणि थर्मास घेऊन, पण ते निमित्त. एरवी या बोटीकडे ती फिरकत नसे. बोट लहान, दोघांपुरती; जरा हलली की तिला लागायची. तिच्या नवऱ्याने, मुनेओने, आणि तोकुनागाने ती जुनी बोट सामाईक घेतली तेव्हा तोकुनागा गोदीत मुनेओच्या हाताखाली होता. आता दोघंही निवृत्त. बोटही निवृत्त व्हायला आली होती, पण शीड अजून वारा धरायचं.

संशय यायला कारणं होती. तोकुनागा पितो, हे अख्ख्या बंदराला माहीत होतं. पूर्वी तो महिन्यातून एखाद्या रविवारी यायचा; या उन्हाळ्यापासून मुनेओ बंदरावर गेला की हा हजर. बोटीची किल्ली वर्षानुवर्षं फुसाएच्या घरी दारामागच्या खिळ्यावर असायची. ती तो ऑगस्टमध्ये "माझ्याकडे राहू दे" म्हणून घेऊन गेला, ती परत आली नाही. आणि आता ही खिडकी. अशी फुटली होती की केबिनमधल्या बाकावर तुकड्यांचा सडा पडला होता, आणि सांगायला दोन वेगवेगळ्या गोष्टी.

खरं सांगायचं तर, ती तोकुनागानेच फोडलेली असावी अशी फुसाएची इच्छा होती.

वसंतात मुनेओने गाडी मागे घेण्याऐवजी पुढे घातली होती, थेट स्वतःच्याच कुंपणाच्या भिंतीत. मुलगी चिहारु हिरोशिमाहून आली, दोन दिवस राहिली, आणि जाताना वडिलांना पोलीस ठाण्यात नेऊन लायसन्स परत करायला लावलं. गाडीत बसता बसता आईला म्हणाली होती, "आई, बोटीचं काही झालं तर लपवायचं नाही. तीपण विकून टाकू." त्या दिवसापासून मुनेओकडे बोटीखेरीज काही उरलं नव्हतं. चिहारुचा फोन येणारच होता. खिडकी तोकुनागाने दारूच्या नशेत फोडली असेल, तर तोकुनागा जाईल, बोट राहील. एवढा साधा हिशेब होता.

"झालं का खरवडून?" मुनेओ धक्क्यावरून म्हणाला. नव्या ॲक्रिलिकच्या काचेवरचा कागद तो सोलत होता. जुन्या काचेचे तुकडे चिकटपट्टीने जोडून, त्याबरहुकूम त्याने ती स्वतः कापली होती. कडा इतक्या सफाईने घासलेल्या की फुसाएला वाटलं, बोटीपेक्षा खिडकीच महाग दिसेल.

"मुने-सान, पाच मिनिटं," तोकुनागा म्हणाला.

"तुझी पाच मिनिटं मला माहितीयेत. चहा गार होतोय बायकोचा."

मुनेओ कानबाराने समोरच्या किनाऱ्यावरच्या गोदीत हयातभर जहाजांना खिडक्या बसवल्या. कप्तानाच्या, खलाशांच्या, स्वयंपाकघराच्या. या खाडीतून जाणाऱ्या कुठल्याही मालवाहू जहाजाकडे बोट दाखवून तो म्हणायचा, "ती तिसरी माझी." गोदीत त्याला सगळे 'उद्या-सान', म्हणजे उद्याराव, म्हणत. लग्नानंतरच्या पहिल्या नववर्षाच्या जेवणाला घरी आलेल्या पोरांनी ते नाव घेतलं, सगळे खो-खो हसले, आणि फुसाएचे कान तापले. आपला नवरा काम उद्यावर ढकलतो, हे लोकांसमोर ऐकावं लागलं. त्यानंतर त्या नावाचा विषय तिने घरात काढला नाही. पगारवाढ हुकली की मात्र मनात यायचं, उद्या-सान.

खिडकी बसवायची वेळ आली. तोकुनागा आत केबिनमध्ये शिरला, काच आतून धरायला. मुनेओने बंदुकीसारख्या नळीतून चौकटीभर सीलंटची काळी वेटोळी सोडली. हात जराही हलला नाही. काच टेकवली, तळव्याने दाबली, आणि एकेक स्क्रू फिरवायला घेतला.

फुसाए बघत होती. स्क्रू शेवटपर्यंत जात होते. प्रत्येकाच्या शेवटी मुनेओ दात आवळून आणखी एक पीळ द्यायचा. कडेने काळा मसाला फुगून बाहेर आला आणि बोटीच्या पांढऱ्या अंगावरून ओघळला.

"मुने-सान, बास हं," आतून आवाज आला.

"गप रे. तू शिकवणार मला?"

आतला तळवा काचेवर तसाच टेकून राहिला.

शेवटचा स्क्रू झाला. मुनेओ एक पाऊल मागे सरला आणि बरबटलेल्या बोटांकडे बघत राहिला, जणू ती कुणाकडून उसनी आणली होती. "हात धुऊन येतो," असं म्हणून तो मच्छीमार सोसायटीच्या नळाकडे चालू लागला.

तो शेडच्या कोपऱ्यावर वळला, तसा तोकुनागा केबिनमधून बाहेर आला. त्याने एकदा शेडकडे पाहिलं. खिशातून स्क्रूड्रायव्हर काढला आणि आताच आवळलेले स्क्रू डावीकडून एकेक करून सैल करायला लागला.

फुसाए बोटीत पाय टाकत नसे. आज तिने टाकला. बोट डुलली, तिने छताची कड पकडली.

"हे काय चाललंय?"

तोकुनागा दचकला. स्क्रूड्रायव्हर लपवायचा म्हणून त्याने हात पाठीमागे नेला. मग ते किती बालिश दिसतंय हे त्याचं त्यालाच कळलं असावं.

"सैल करतोय."

"दिसतंय. त्यांनी बसवलेलं तुम्ही मागून उचकटताय. उद्या पाणी आत शिरलं की नाव कुणाचं? आणि मग तुम्ही म्हणणार, मुने-सानना झेपत नाही, द्या बोट माझ्या नावावर."

"वहिनी," तो म्हणाला. मग त्याने ओघळलेल्या मसाल्यावरून बोट फिरवून तिला दाखवलं. "हे आत राहायला हवं होतं. गच्च आवळलं की सगळं बाहेर येतं, मध्ये काही उरतच नाही. पहिल्या पावसात गळायला लागेल. पहिल्या दिवशी काच नुसती टेकवायची असते. रात्रीतून याचं रबर होतं. मग दुसऱ्या दिवशी आवळायचं. हे मला कुणी शिकवलं असेल?"

फुसाएची नजर शेडकडे गेली.

"आम्ही नवी पोरं घाई करायचो, तर मुने-सान टाळक्यात मारायचे. 'मान नाही पिळायची खिडकीची. बाकीचं उद्या.' दिवसातून दहा वेळा. उद्या, उद्या. म्हणून तर उद्या-सान."

"म्हणून?"

"मग तुम्हाला काय वाटलं होतं?"

तिला जे वाटलं होतं ते सांगण्यासारखं नव्हतं. तिने खिडकीकडे पाहिलं. नव्या ॲक्रिलिकमध्ये तिचाच चेहरा दिसत होता, काळ्या चौकटीत.

"बांबू नव्हता," ती म्हणाली.

"नव्हता."

"तुम्ही प्यायला होतात?"

"मी प्यायलेला असतो तर बरं झालं असतं." तोकुनागाने पुढचा स्क्रू अर्धा पीळ मागे घेतला, कडेने पुन्हा मसाला भरला. "धक्क्यावरून निघताना इंजिन मागे टाकायचं होतं. त्यांनी पुढे टाकलं. शेजारच्या मच्छीमार बोटीच्या पुढच्या टोकावरचा नांगर खिडकीतून आत आला."

मागे घ्यायचं ते पुढे. कुंपणाच्या भिंतीवरचा तो ओरखडा तिने स्वतः पुसायचा प्रयत्न केला होता.

"आणि किल्ली?"

"एकदा पहाटे एकटेच निघाले होते. दोरी न सोडता. नशीब, दोरी न सोडता."

शेडच्या कोपऱ्यावर मुनेओ दिसला. रुमालाने एकेक बोट पुसत, सावकाश येत होता. अजून चार-पाच स्क्रू बाकी होते.

फुसाए बोटीतून उतरली. थर्मास उचलला आणि त्याला अर्ध्या वाटेवरच गाठलं. "अहो, आधी चहा घ्या. गार होतोय."

"थर्मासमध्ये?"

"गोळे तरी खा. घारी टपल्यात वर."

धक्क्यावर मासळीचे दोन खोके उपडे पडले होते. त्याला बोटीकडे पाठ करून कसं बसवावं याचा ती विचार करत होती, तोवर त्याने स्वतःच खोका फिरवला आणि समोरच्या किनाऱ्याकडे तोंड करून बसला. तिने चहा ओतला. गोदीतल्या क्रेनखाली एक अर्धवट रंगवलेलं जहाज उभं होतं. कप्तानाच्या मजल्यावर खिडक्यांच्या जागी नुसती भोकं होती.

"अजून बसवल्या नाहीत," ती म्हणाली. काहीतरी बोलायला हवं होतं.

"रंग वाळल्यावर." त्याने कप पुढे केला. तिने पुन्हा भरला. तो अगदी बारीक घोट घेत होता, चहा कडू असल्यासारखा.

"तोकुचं झालं का?" त्याने मान न वळवता विचारलं.

"कसलं?"

"उजवीकडचे दोन राहिले असतील. तो डावीकडून सुरू करतो."

फुसाएने मागे पाहिलं. दोनच राहिले होते.

"बसवताना हातांना कळत नाही," मुनेओ म्हणाला. "नळापाशी गेल्यावर आठवतं."

पाण्यावरून फेरीबोटीचा भोंगा आला. ती धक्क्याला लागली, माणसं उतरू लागली.

"चिहारुला सांगायला हवं," फुसाए शेवटी म्हणाली.

त्याने समोरच्या जहाजाकडे पाहिलं.

"हो," तो म्हणाला. "उद्या."

आयुष्यात पहिल्यांदाच त्या शब्दावर तिचे कान तापले नाहीत. त्याने पुन्हा कप पुढे केला. तिने थर्मास तिरका केला, अजून तिरका केला. दोन थेंब पडले. मागे स्क्रूड्रायव्हरचा आवाज चालूच होता. मुनेओने तो कप दोन्ही हातांत धरला, ओठांना लावला, आणि भरलेला असल्यासारखा सावकाश पीत राहिला.