चमचाभर पांढरा

“ही भिंत निळसर कधी झाली?” स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून त्याने विचारलं. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर उजव्या डोळ्यावरची पट्टी आदल्या दिवशी निघाली होती आणि तेव्हापासून तो स्वतःच्याच घरात पाहुण्यासारखा हिंडत होता.

“पांढरीच आहे. तुम्हीच दिलाय रंग,” बायको भांडी विसळत म्हणाली.

“मी असला पांढरा देईन?” त्याने हाताने एक डोळा झाकला, मग दुसरा. “अगं, याने बघितलं तर निळी, त्याने बघितलं तर चहा सांडल्यासारखी. आणि तुझे केस इतके कधी पिकले?”

“तुमच्या डोळ्यांदेखत पिकले.”

तो हसला. तीही हसली, पण तिची नजर मागच्या खोलीकडे गेली. तो दवाखान्यात असताना तिने मागच्या खोलीतल्या खिळ्याला अडकवलेल्या पुठ्ठ्याच्या पट्ट्या काढून कचऱ्यात टाकल्या होत्या. रंग कालवला की तो अशा एका पट्टीवर रंगाचं बोट ओढायचा, वाळू द्यायचा आणि खिळ्याला अडकवायचा. गेल्या काही वर्षांतल्या पट्ट्या पिवळ्याजर्द होत चालल्या होत्या. हे तिला माहीत होतं, त्याला नव्हतं.

दोघांची ओळख गिटारच्या कारखान्यातली. शिकणाऱ्या पोरांसाठी तिथे साध्या इलेक्ट्रिक गिटार बनत. आखूड मान, चपटं अंग, आणि लाल, निळा नाहीतर पांढरा रंग. लाकूड काही जातिवंत नसे. गाठी भरून घ्यायच्या आणि वरून रंग मारून सगळं झाकायचं. तो रंग फवारायचा. रंगाला रंग जुळवण्यात त्याच्या डोळ्याची बरोबरी कुणी करत नसे, म्हणून सगळे त्याला, तराजूच्या काट्यावरून, ‘काटा’ म्हणत. ती चिकटपट्टी लावून गिटारच्या अंगावरचे तिरके पट्टे आखायची. चिकटपट्टीची कड जरा सुटली की रंग आत पाझरायचा आणि काटा तिच्या टेबलाशी येऊन ओरडायचा. ओरडता ओरडता लग्न झालं.

मग एका वर्षी तिरक्या पट्ट्यांची फॅशन गेली आणि तिचं टेबल उचललं गेलं. पुढे चपट्या अंगाच्या कडा गोल झाल्या, पोटाला लागतं तिथलं लाकूड कोरायला लागले, पोरांच्या बरगड्या सुटल्या. शेवटी लॅकरचा पातळ, चकचकीत थर जाऊन प्लास्टिकसारखा जाड रंग आला. तो पिवळा पडत नव्हता, सहसा उडत नव्हता आणि त्याला काट्याचीही गरज नव्हती. तेव्हा काटाही घरी आला. काही महिने तो खुर्चीत बसून भिंतीकडे बघत राहिला. शेवटी तिनेच ओळखीच्या एकाची मोडकी गिटार आणून त्याच्यापुढे ठेवली आणि मागच्या खोलीतलं दुरुस्तीचं काम सुरू झालं.

जुन्या गिटारचा रंग जुळवायचा म्हणजे तिचं म्हातारपण जुळवायचं. वरचं पारदर्शक लॅकर हळूहळू पिवळं पडतं. खालचा पांढरा लोण्यासारखा दिसायला लागतो, निळा हिरवट होतो. पांढऱ्यात पिवळ्याचे थेंब किती टाकायचे, सगळी करामत त्यात. मोतीबिंदू वाढत गेला तसा त्याला फिकट पिवळा दिसेना. दिसेना म्हणून तो आणखी घाली. एके दिवशी तो कोपऱ्यावर चहाला गेला असताना तिने रंग कालवलेल्या वाटीत डोकावून बघितलं, तर सगळं पिवळंजर्द. हे फवारलं तर गिऱ्हाईक तोंडावर बोलेल. तिने पांढऱ्याच्या डब्यातून चमचाभर रंग घालून ढवळला. तो आला, त्याने फवारलं, वाळल्यावर निरखून म्हणाला, “बघ. काटा अजून जागचा हललेला नाही.”

तेव्हापासून प्रत्येक वेळी चमचाभर पांढरा. सांगून टाकायचं तिने कितीदा ठरवलं, पण तो खुर्चीतला माणूस तिला पुन्हा घरात नको होता. एवढं मात्र खरं की ती थकली होती. दुसऱ्याचा मान सांभाळायचा म्हणजे भरलेली वाटी हातात धरून झोपण्यासारखं आहे. ऑपरेशनची तारीख ठरली तेव्हा तिला वाटलं होतं, सुटलो एकदाचे.

आठवड्याभराने संगीतशाळेतल्या बाई गिटार घेऊन आल्या.

“मुलांच्या धक्क्याने पडली,” त्या म्हणाल्या. “कोपऱ्याचा टवका उडालाय. माझी स्वतःची आहे, लहानपणची. वर्गातलं प्रत्येक पोर हिच्यावरच पहिली बोटं दुखवून घेतं.”

“चपट्या अंगाची,” तो कडेवरून अंगठा फिरवत म्हणाला. “सुरुवातीच्या सालातली. बरगडीला टोचत असेल.”

“अजून टोचते.”

त्याने तारांखालचं प्लास्टिकचं झाकण स्क्रू काढून उचललं. खाली, जिथे उजेड कधी पोचला नव्हता, तिथला रंग दुधासारखा होता. तिघंही वाकून बघत राहिले.

“ही अशी होती?” बाई म्हणाल्या. “मी तर हिला लोण्याच्याच रंगाची समजत होते.”

“मीही विसरलो होतो,” तो म्हणाला. बायको निघालेले स्क्रू गोळा करत होती. तिने मान वर केली नाही.

“मला मात्र आताच्याच रंगाची हवी हं, मिस्त्री. ठिगळ दिसायला नको.”

दुसऱ्या दिवशी टवका भरून, घासून तो वाटी घेऊन खिडकीशी बसला. डावा डोळा मिटून एकेक थेंब सोडत होता आणि गुणगुणत होता. कितीतरी दिवसांत त्याला गुणगुणताना तिने ऐकलं नव्हतं. पट्टीवर बोट ओढून तो खिळ्याकडे वळला.

“इथल्या पट्ट्या कुठे गेल्या?”

“घाण झाल्या होत्या. टाकल्या.”

“सगळ्या?”

“सगळ्या.”

त्याने नवी पट्टी अडकवली, काळा चष्मा चढवला आणि तो चहाला गेला.

तिने चमचा उचलला. डॉक्टर म्हणाले होते, नजर बसायला वेळ लागेल. तिने तेवढंच धरून ठेवलं होतं. शिवाय हाताला सवय झाली होती. पांढरा घातला, ढवळलं, चमचा पुसून जागेवर ठेवला. वाटीत नीट बघितलं का, हे तिला नंतर आठवेना. परत आल्यावर त्याने काळा चष्मा न काढताच, कलत्या उजेडात कोपरा फवारला.

सकाळी ती चहा घेऊन मागच्या खोलीत गेली तेव्हा तो गिटार मांडीवर घेऊन बसला होता. कोपरा वाळला होता आणि नव्या बसवलेल्या दातासारखा पांढरा दिसत होता. त्याने खिळ्यावरची पट्टी काढून गिटारच्या जुन्या रंगावर ठेवली. पट्टीवरचा रंग त्यात मिसळून गेला. मग त्याने ती कोपऱ्याशी धरली.

“काल हवा दमट होती,” ती म्हणाली. “दमट हवेत लॅकर पांढरं पडतं.”

पडतं, हे खरं होतं. पण तो पांढरेपणा काचेवर श्वासाची वाफ धरल्यासारखा धुरकट असतो, आणि हे दोघांनाही कारखान्यात असल्यापासून ठाऊक होतं. त्याने पट्टी पुन्हा खिळ्याला लावली. तिकडेच तोंड ठेवून विचारलं, “कधीपासून आहे गं ही दमट हवा?”

“झाली बरीच वर्षं.”

त्याने गिटारवर कापड टाकलं. त्या दिवशी तो मागच्या खोलीत फिरकला नाही. स्वयंपाकघरातल्या खुर्चीत, त्या निळसर भिंतीकडे तोंड करून बसला. तिने पुढे ठेवलेलं जेवला, ताट स्वतः उचललं आणि पुन्हा तिथेच बसला. तिला भीती वाटली आणि मग रागही आला. मी काय चोरी केली? ज्या खुर्चीपासून त्याला वाचवायला एवढं सगळं केलं, तीच खुर्ची शेवटी आपल्याच हाताने त्याच्यापुढे सरकवली, आणि तीही त्याचे डोळे बरे झाल्यावर. संध्याकाळी ती पलंगावर पडली आणि थकल्यामुळे रडली. त्याने दार हळूच ओढून घेतलं.

दुसऱ्या दिवशी मागच्या खोलीतून काचकागदाने घासल्याचा आवाज आला. मग बऱ्याच वेळाने वाटीत काडी फिरल्याचा. ती आत गेली नाही. तो हात पुसत बाहेर आला.

“चहाला जाऊन येतो.”

“आत्ताच तर घेतलात.”

“तो घरचा,” तो म्हणाला, आणि चपला घालून गेला.

कशाला हात लावायचा नाही असं ठरवूनच ती आत गेली. घासून मोकळ्या केलेल्या कोपऱ्यासकट गिटार टेबलावर होती. खिळ्याला नवी, ओलसर पट्टी होती, आणि तिच्यावरचा रंग गिटारशी तंतोतंत जुळत होता. खिडकीत, भर उजेडात वाटी होती. वाटीतला रंग पट्टीपेक्षा पिवळा होता. पट्टी ओढून झाल्यावर कुणीतरी मुद्दाम घातलेल्या थेंबांनी पिवळा. शेजारी पांढऱ्याचा डबा, झाकण सैल केलेलं, आणि झाकणावर स्वच्छ धुतलेला चमचा.

ती त्याच्या स्टुलावर बसली. तिचे पाय दुखत होते. जरा वेळाने तिने चमचाभर पांढरा वाटीत सोडला, सावकाश ढवळला, आणि या वेळी पट्टी जवळ धरून नीट बघितलं. जुळला होता.

तिने खिडकीतून पाहिलं. कोपऱ्यावर तो घराकडे पाठ करून उभा होता. ग्लास केव्हाच रिकामा झाला होता, तरी तो मधून मधून ओठाला लावत होता.