कडी नसलेलं दार

पौर्णिमा बीड-नेकनूर गाडीवर कंडक्टर होती. एक म्हातारा तिच्या गाडीत वरचेवर दिसू लागला, तेव्हा तिला वाटलं, चेकिंगवाल्यांचा माणूस असावा. पांढरा सदरा, काखेत पिशवी. बीडला चढायचा, नेकनूरला उतरायचा आणि त्याच गाडीनं परत यायचा. एकदा तर त्यानं विचारलं, "बाई, तुमचं माहेर तलवाड्याचं का?"

"कावून?"

"सहज."

सहज कुणी माहेर विचारत नसतं. तिनं ड्रायव्हर शहादेवभाऊंच्या कानावर घातलं. ते म्हणाले, "आपलं काम चोख हाय. येऊ दे त्याला. मी ध्यान ठेवतो."

त्या दुपारी नेकनूरला गाडी रिकामी झाली, तरी म्हातारा जागचा हलला नाही. शहादेवभाऊ चहाला न जाता दाराशीच थांबले. म्हाताऱ्यानं पिशवीतून पेपरची रविवारची पुरवणी काढली. तीत पौर्णिमाची कथा छापून आली होती, तिची पहिलीच. खाली तिचं नाव आणि 'कंडक्टर, बीड-नेकनूर गाडी' असंही छापलं होतं.

"मी अर्जुनराव. शाळेत मास्तर होतो," तो म्हणाला. "ही कथा तुमची?"

"हो."

"आन् पहिली ओळ?"

पौर्णिमानं त्या ओळीवर बोट ठेवलं. 'त्या दिवसापासून आईनं दाराला कडी लावणं सोडून दिलं.' ही ओळ तिची नव्हती. बीडच्या स्टँडवर तिनं भजी घेतली होती, ती बांधलेल्या जुनाट कागदावर ही ओळ होती. खालचा कागद फाटलेला. पण ओळ काही डोक्यातून जाईना. तिकिटं देताना, भाकरी थापताना एकच विचार, त्या बाईनं कडी कशापायी सोडली असेल? शेवटी तिनं स्वतःच लिहून काढलं.

हे सगळं तिनं सांगितलं. अर्जुनराव तिच्या तोंडाकडं बघत राहिले.

"भज्याच्या कागदावर. आन् पुढचं काहीच वाचलं न्हाई?"

"कागदच नव्हता पुढं."

"ती ओळ माझी हाय. तरुणपणी एका साप्ताहिकात कथा आलती. ते कवाच बंद पडलं."

आता संशय घ्यायची पाळी तिची होती. "अंक हाय तुमच्यापाशी?"

"न्हाई."

"मग मी कशावरून मानायचं?"

अर्जुनरावांनी पिशवी मांडीवर ओढून घेतली.

"पुढं काय होतं ते सांगा," ती म्हणाली.

अर्जुनरावांनी खिडकीबाहेर पाहिलं. "माझा थोरला भाऊ भांडून घर सोडून गेलता. आई म्हणायची, आला तर दार वाजवायची लाज वाटंल त्याला. म्हणून कडी न्हाई." मग ते तिच्याकडं वळले. "तुमच्या कथेतली आई नवरा मेल्यावर कडी सोडती. म्हणती, आता कुणाला भ्यायचं. लई राग आला मला. माझ्या आईच्या तोंडी असलं बोलणं."

"ती तुमची आई न्हाई," पौर्णिमा म्हणाली. "माझी हाय. कथेत तलवाडा हाय, तो खराच. तिथंच राहती ती. तिचं दार उघडंच असतं."

अर्जुनरावांनी पुरवणीची घडी घातली. शहादेवभाऊ मुकाट्यानं चहाला निघून गेले.

"तुमचे थोरले भाऊ आले का परत?" तिनं विचारलं.

"न्हाई."

मग ती म्हणाली, "पेपरवाल्यांना कळवते. ओळ तुमची हाय म्हणून."

"अंक सापडू द्या आदी. न्हाईतर मनात म्हणाल, म्हातारा खोटं बोलला."

"म्हणतेच हाय अजून थोडं."

त्यांना हसू आलं, पण ते त्यांनी आवरलं.

परतीची माणसं चढली. तिनं बेल दिली, तिकिटं काढत मागपर्यंत जाऊन आली. म्हातारा खरं बोलला की नाही, हे तिला ठरवता येईना. पण दार वाजवायची लाज वाटणारा तो माणूस तिच्या डोळ्यांपुढून हलत नव्हता. अंधारात अंगणात उभा राहिलेला, हातात चपला. कुठून आला असेल तो?

ती अर्जुनरावांच्या सीटपाशी आली.

"मास्तर, ते दार वाजवायच्या लाजेचं... त्याच्यावर लिहू का मी?"

त्यांनी घडी घातलेली पुरवणी पिशवीत ठेवली.

"लिहा," ते म्हणाले. "पण छापायच्या आदी मला दाखवा."