मंगळवारची गजाल

जामसंड्यात मेडिकलच्या वर किशोरीने समुपदेशन केंद्र उघडलं, तेव्हा पहिले दोन महिने लोक आले ते बारावीनंतर प्रवेश कुठे घ्यावा हे विचारायला. मनाचं दुखणं घेऊन कोण येणार? इथे मनाला दुखणं नसतंच. असते ती नजर, नाहीतर नाटकं.

तिच्याबरोबर शिकलेल्यांची दर महिन्याला फोनवर बैठक भरे. स्वतःच्या कामावर आपला विश्वास दहापैकी किती, हे प्रत्येकाने सांगायचं. आठच्या खाली दुसरं कोणी उतरत नसे. किशोरी सात सांगायची, आणि ते सातही दाजींच्या जिवावर.

दाजी एसटीचे निवृत्त ड्रायव्हर. बायको गेल्यापासून त्यांचं जेवण तुटलं होतं, झोप उडाली होती. सून संचिता शिवणकाम करायची. तिने आधी येऊन सगळं सांगितलं आणि पुढच्या मंगळवारी सासऱ्यांना धाडलं. पाच महिन्यांत माणूस बदलला. दाढी करून येऊ लागला, मोहराबद्दल बोलू लागला. किशोरीने पद्धत कसोशीने पाळली होती: आपण गप्प राहायचं, मान हलवायची, स्वतःचं काही सांगायचं नाही. दाजींनी ‘जेवलंस काय गो?’ विचारलं की ती वहीत लिहायची, ‘विषय टाळतात.’

आता पुण्याच्या एका रुग्णालयातून नोकरीचं बोलावणं आलं होतं. संध्याकाळपर्यंत उत्तर द्यायचं होतं. एक माणूस जरी आपल्या हातून बरा झाला असेल तर केंद्र बंद करायचं नाही, असं तिने ठरवलं आणि दाजी येऊन बसताच सरळच विचारलं, “दाजी, इथे येऊन तुम्हाला नेमका कशाचा उपयोग झाला?”

“माका?” दाजी हसले. “माका काय धाड भरली हा! संचिता म्हणाली, तां चेडू एकटांच खोली उघडून बसता, कोण फिरकणा नाय. बाबानु, मंगळवारी जरा जावन गजाली मारा, तेका बरां वाटात. म्हणान येत होतंय. पयल्यांदा तुझो चेहरो बघवत नाय होतो. तोंडातून शब्द नाय! आता बरी दिसतंस. फुडल्या मंगळवारपासून मी येवचंय नाय.”

किशोरीने वही मिटली. दोन पदव्यांनी जे जमलं नाही, ते शिलाई मशीनवर बसलेल्या बाईने एका थापेत करून टाकलं होतं. तिला संचिताचा संताप आला, आणि त्याहून जास्त स्वतःचा. पेशंट तुम्ही होतात, हे तिच्या अगदी जिभेवर आलं. पण ते ऐकून बरा झालेला माणूस पुन्हा आजारी होऊन घरी गेला असता.

दाजी दारात वहाणा घालता घालता वळले. “बरां वाटता मा तुका?”

तिचे डोळे भरून आले आणि शुद्ध मराठी कुठल्या कुठे गेली. “नाय, दाजीनु. माका कायच येना नाय, असां वाटता.”

दाजी परत येऊन खुर्चीत बसले. “एसटीत लागलंय तेव्हा माकाय तसांच वाटा होतां. घाट उतरताना पाय थरथरत. आणि मागे पन्नास माणसां निवांत झोपलेली! त्यांका वाटा, डायवर हुशार आसा.”

“मगे?”

“मगे काय? अडतीस वर्सां उतरवलंय.”

संध्याकाळी किशोरीने पुण्याला नकार कळवला. कारण लिहिलं, ‘एका रुग्णाचे उपचार अजून अपुरे आहेत.’ कोणत्या रुग्णाचे, ते कोणी विचारलं नाही.